बंगल्याच्या हद्दीतली कारवी

सर जॉन माल्कम या मुंबईच्या गव्हर्नराने १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाई प्रांतातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरचे पठार मागून घेतले, तेव्हापासून या डोंगरमाथ्यावर साहेबाच्या प्रकृतीला मानवेल अशी हवा आणि साहेबाच्या नजरेला रुचेल अशी बाग या दोन गोष्टींचा बंदोबस्त होत आला. हवा मुळातच होती. बाग मात्र आणावी लागली. गुलाब आले, हायड्रेंजियाचे निळे-गुलाबी गेंद आले, पाचगणीकडे सिल्व्हर ओकच्या रांगा आल्या. साहेब गेला, बंगले देशी मालकांच्या नावे चढले, पुढे त्यांतल्या कित्येकांची हॉटेले झाली, परंतु बागेची रुची जी एकदा ठरली ती ठरलीच. आजही बंगल्याची जमीन नव्याने ताब्यात आली की पहिले काम माळ्याला सांगितले जाते ते हे, की कुंपणाच्या आतले 'रान' साफ कर. आणि त्या रानात जे खरखरीत पानांचे, उभ्या सरळ काठ्यांचे, वर्षानुवर्षे फूल म्हणून न दाखविणारे झुडूप असते, ते म्हणजे कारवी, सर्वांत आधी कोयत्याखाली जाते.

माळ्याचा यात दोष नाही. ज्या झुडपाने सात वर्षे एकही फूल दिले नाही, त्याची तरफदारी मालकापुढे कोणत्या तोंडाने करावी? तथापि जो मनुष्य आपल्या बागेत मधमाशी यावी, फुलपाखरू यावे, पाखरांनी आसरा घ्यावा अशी इच्छा धरतो, आणि अलीकडे अशी इच्छा धरणारे पुष्कळ आहेत, त्याने ही साफसफाई करण्यापूर्वी कारवीचा जमाखर्च एकदा पाहावा असे मला वाटते. तो आठ वर्षांच्या मुदतीने मांडावा लागतो, एवढीच काय ती अडचण आहे.

कारवी दुर्मीळ आहे ती एका निराळ्याच अर्थाने. झुडूप म्हणून ती सह्याद्रीत विपुल आहे. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरा, प्रतापगडाच्या पायथ्याशी जा, की तापोळ्याच्या रस्त्याने कोयनेच्या खोऱ्यात शिरा, उतारच्या उतार तिने व्यापलेले दिसतील, आणि गडकोटांच्या निसरड्या वाटांवर तोल जाताना जिने हात दिला नाही असा डोंगर चढणारा मराठी मनुष्य विरळा. दुर्मीळ आहे तो तिचा फुलोरा. एका डोंगरउतारावरील सगळी कारवी एकाच वर्षी फुलते, आणि ते वर्ष सात-आठ वर्षांतून एकदा येते. सामान्य लोकांच्या बोलण्यात 'सात वर्षांनी फुलणारी' असे म्हणण्याचा प्रघात आहे. मुंबईजवळ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कारवी २००८ साली फुलली आणि पुन्हा २०१६ साली फुलली, म्हणजे तेथे अंतर आठ वर्षांचे पडले. मधली सात वर्षे कोरी आणि आठवे फुलांचे, असा हिशेब धरला म्हणजे दोन्ही म्हणण्यांचा मेळ बसतो. मात्र मुंबईची कारवी फुलली म्हणून महाबळेश्वरची त्याच वर्षी फुलेल असे मुळीच नाही. प्रत्येक डोंगराचे, कित्येकदा प्रत्येक उताराचे, पंचांग स्वतंत्र असते, आणि ते त्या गावच्या गुराख्याला आणि मधपाळाला तोंडपाठ असते.

तिचा जीवनक्रम मोठा शिस्तीचा आहे. मृगाच्या सरी पडल्या की जमिनीतले बी रुजते आणि रोपे इतक्या दाटीने उगवतात की पाऊल ठेवण्यास जागा राहू नये. त्यांतील बहुसंख्य पहिल्या दोन-चार वर्षांत एकमेकांच्या सावलीनेच मरतात व उरलेली उभी वाढत राहतात. दर पावसाळ्यात कारवी हिरवीगार होते, दर उन्हाळ्यात तिची पाने गळतात आणि डोंगर करड्या काठ्यांनी भरून जातो. पुरुषभर, कधी त्याच्या दुप्पट उंचीची ही काठी बोटाएवढी वा मनगटाएवढी जाड, सरळ आणि पेरापेरांची असते. सातवा पावसाळा उलटेपर्यंत ती फुलांचे नाव काढीत नाही. मग आठव्या वर्षी श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पानांच्या बगलेतून कळ्यांची कणसे निघतात, हिरव्या खवल्यांसारख्या छदांनी घट्ट मिटलेली, आणि त्या प्रत्येक छदाआडून एकेक फूल बाहेर पडू लागते. हा सोहळा आश्विनापर्यंत चालतो. त्यानंतर झुडूप फळ धरते, वाळते आणि मरते. एकदाच फुलून संपणे हा तिचा धर्म आहे. केळ किंवा बांबू ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

फूल हातात घेऊन पाहावे असे आहे. अंगठ्याच्या दोन पेरांहून थोडे लहान, कर्ण्याच्या घाटाचे, काठाला पाच पाकळ्यांत विभागलेले. रंग जांभळट निळा, आणि जुने होता होता गुलाबीकडे झुकणारा, त्यामुळे एकाच कणसावर दोन-तीन छटा दिसतात. कर्ण्याच्या आत बारीक लव असते आणि मधाचा ठेवा तळाशी असतो, तेव्हा मधमाशीला आत डोके घालून अर्धे अंग खुपसावे लागते; ती मागे सरत बाहेर येते तेव्हा तिच्या पाठीवर परागाची फिकट धूळ बसलेली असते आणि ती तशीच पुढल्या फुलात शिरते. उन्हाची तिरीप आली आणि धुके थोडे उचलले की सगळ्या उतारावर हा व्यवहार एकदम सुरू होतो, आणि त्याचा जो एकजिनसी गुंजारव वाटेवर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येतो तो ज्याने ऐकला आहे त्याला कारवीच्या मधाची किंमत निराळी समजावून द्यावी लागत नाही.

शास्त्रज्ञांच्या दप्तरात या झुडपाची नोंद फार जुनी आहे. नीस फॉन एझेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ साली त्याला स्ट्रोबिलँथिस कॅलोसा असे नाव दिले. पुढे १९४४ साली ब्रेमेकॅम्प या डच पंडिताने त्या अवाढव्य प्रजातीची अनेक लहान प्रजातींत फाळणी केली तेव्हा आपल्या डोंगरी बोलीतलाच शब्द उचलून 'कार्व्हिया' ही प्रजाती उभी केली. ती फाळणी सर्वांनी मान्य केली नाही, म्हणून ग्रंथांत दोन्ही नावे आढळतात. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो कोश सिद्ध केला त्यात कारवी व तिच्या भावंडांचे तपशीलवार वर्णन आहे. आणि भावंडे पुष्कळ आहेत. महाबळेश्वरच्या मधपाळाला थंडीत हात देणारी, चिकट डोक्यांची व्हायटी ही त्यांतलीच. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर उपड्या टोपलीसारखी गोल वाढणारी टोपली कारवीही त्यांतलीच. आणि मुन्नारच्या डोंगरांवर २००६ व २०१८ साली ज्या निळ्या फुलोऱ्याने देशभरचे प्रवासी ओढून नेले ती बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी हीही तिचीच बहीण.

इतकी वर्षे थांबून सर्वांनी एकदम फुलण्यात निसर्गाचा कोणता हेतू असावा? अमेरिकन परिस्थितिशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९७६ साली बांबूविषयी लिहिताना या प्रश्नाचे जे उत्तर पुढे केले ते कारवीलाही लावून पाहता येते. बी खाणारे उंदीर, पाखरे, किडे यांची संख्या त्यांना दरसाल मिळणाऱ्या अन्नावर ठरते. झुडूप दरसाल थोडे थोडे बी देईल तर ते दरसाल खाऊन फस्त होईल. उलट सात वर्षे काहीच न देता आठव्या वर्षी एकदम अमाप दिले, तर खाणारे पोटभर खाऊनही बी उरते आणि तेवढ्यावर पुढील पिढी उभी राहते. रानकोंबड्यांचे थवे अशा बियांच्या हंगामात कारवीच्या व बांबूच्या रानात गोळा होतात ही गोष्ट पक्षिनिरीक्षकांनी नोंदलेली आहे. त्यांना मेजवानी मिळते आणि कारवीचे काही बिघडत नाही. ज्याचा कारभार दरसालच्या अंदाजपत्रकावर चालतो त्या माणसाला ही दूरदृष्टी थोडी अपरिचित वाटते, ते साहजिक आहे.

आता मधाकडे वळू, कारण महाबळेश्वरात कारवीचा खरा कैवार घेणारा वर्ग कोणता असेल तर तो मधपाळांचा. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, आणि याच तालुक्यातील मांघर या लहानशा गावाला मे २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर करण्यात आले. येथे पेटीत पाळली जाते ती सातेरी मधमाशी. कडेकपारीला आणि उंच झाडांना लटकणारे आग्या मोहोळ निराळे, ते पेटीत नांदत नाही. सातेरीच्या वर्षाचा विचार केला तर उन्हाळ्यापर्यंत तिला ददात नसते: पिसा, गेळा, जांभूळ, हिरडा अशी एकामागून एक झाडे फुलतात आणि जांभळाचा व हिरड्याचा मध तर बाजारात स्वतःच्या नावाने विकला जातो. खरी आपत्ती येते ती पावसाळ्यात. ज्या गावावर साधारण वर्षी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तेथे जून ते ऑगस्ट माशीला पेटीबाहेर पडण्याची सोय राहत नाही. पोळ्यातील साठा संपतो, वसाहत रोडावते आणि मधपाळाला साखरेचा पाक करून पेटीत ठेवावा लागतो. अशा उपाशी दिवसांच्या अखेरीस, पाऊस ओसरू लागतो न लागतो तोच, कारवीचा फुलोरा येतो. ज्या वर्षी तो येतो त्या वर्षी वसाहती झपाट्याने भरतात आणि एरवी ज्या हंगामात मध काढण्याची गोष्टच नको त्या हंगामात मधयंत्र फिरू लागते. हा मध आठ वर्षांनी एकदा निघावयाचा, म्हणून दरसाल बाजारात कारवीच्या नावाने मिळणाऱ्या बाटलीकडे ग्राहकाने थोडे चौकस होऊन पाहावे आणि तो कोणत्या डोंगरावरचा, कोणत्या साली काढला, हे विकणाऱ्याला अवश्य विचारावे. उतारांची पंचांगे निराळी असल्याने तो खराही असू शकेल. परंतु विचारण्यात काही जात नाही.

माशीचे हे पोषण केवळ मधपाळाच्या लाभाचे आहे असे नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, तीही मधमाशीची ऋणी आहे. स्ट्रॉबेरीच्या पृष्ठावर जे बारीक पिवळसर दाणे दिसतात तीच तिची खरी फळे. ज्या भागातील दाण्यांचे परागण झाले नाही तो भाग फुगत नाही, आणि मग ते फळ एका अंगाने चेपलेले, गाठाळ असे निघते व वर्गवारीत मागे पडते. बागाईतदाराने शेताच्या बांधावर सातेरीच्या पेट्या ठेवल्या तरी त्या वसाहती पावसाळ्यातून जिवंत बाहेर याव्या लागतात, आणि त्यासाठी भोवतालच्या रानात काहीतरी फुलत असावे लागते.

फुलोरा नसलेल्या सात वर्षांत कारवी काय करते, असा प्रश्न राहतोच. ती पुष्कळ करते, फक्त मिरवीत नाही. तिची पाने मोठी, काठाला दातेरी आणि हाताला खरखरीत लागणारी. त्या पानांवर ब्लू ओकलीफ या फुलपाखराची सुरवंटे पोसली जातात. हे फुलपाखरू पंख मिटून बसले म्हणजे देठाशिरांसकट वाळके पान दिसते, आणि उडताना मात्र त्याच्या पंखांवरची निळाई व फिकट निळसर-पांढरा पट्टा क्षणभर चमकून जातो. मधाच्या लोभाने ते बागेत येईल म्हणून वाट पाहणे व्यर्थ, कारण त्याला हवी असते ती अंडी घालण्यास कारवी आणि चाखण्यास झाडाचा पाझर व पिकलेले फळ. दाट काठ्यांच्या आत जमिनीलगत सातभाई, कस्तूर, रानकोंबडे पाचोळा उकरीत फिरतात, कारण वरून ससाण्याची नजर पोहोचत नाही आणि बाजूने कुत्र्याला घुसणे जमत नाही. डोंगरातील माणसाने तर या काठीवर घरे उभी केली. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणून त्यांवर शेणमातीचा गिलावा दिला की कूड तयार होतो, आणि कोकणात व घाटमाथ्यावर असे कुडाचे घर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले आहे. फुलून मेलेली काठी सरपणाला जाते ती निराळीच.

शिवाय तिची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. येथे अतिशयोक्ती करण्याचा मोह टाळला पाहिजे. २०२१ च्या जुलै महिन्यात महाबळेश्वरावर एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला. असल्या वृष्टीपुढे झुडपाच्या मुळांनी डोंगर सावरला असता असे म्हणणे शहाणपणाचे नाही. तथापि दरसालच्या नेहमीच्या पावसात उघड्या लाल मातीवरून गढूळ ओहोळ वाहतात आणि कारवीच्या पायथ्यातून तुलनेने निवळ पाणी येते, हे कोणालाही छत्री घेऊन पाहता येईल. आणि बंगल्याच्या मागच्या उतारावर आधी रान साफ करून मग दगडी बांध घालण्यात जो पैसा जातो त्याचा विचार मालकाने करण्यास हरकत नाही.

तेव्हा सबंध बागेची कारवी करावी असे कोणी म्हणत नाही. दारापुढे गुलाब असू द्यावेत. परंतु कुंपणाच्या कडेचा, मागल्या उताराचा, ओढ्याकाठचा एखादा पट्टा असा राखावा की ज्यात कारवी आपल्या मुदतीने वाढेल आणि तिच्या सोबतीला दरसाल फुलणारी डोंगरी झुडपे असतील, म्हणजे सात वर्षे कोरी गेली असेही होणार नाही. हिवाळ्यात पिवळ्या गेंदांनी भरणारा रामेठा, उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल फुलांनी डवरून शिंजिरांना बोलावणारी धायटी, निळसर फुलांची आणि कोवळ्या पाल्याची भाजी देणारी भारंगी, पांढऱ्या पानासारखे एकच मोठे दल मिरविणारा भूतकेस, जांभळ्या-निळ्या मोत्यांसारख्या फुलांनी आपली फांदी झाकून टाकणारी अंजनी, आणि अर्थातच करवंदाची जाळी: यांतील कोणतेही झाड विलायतेहून मागवावे लागत नाही, आणि भूतकेसावर तर कमांडर नावाच्या फुलपाखराची सुरवंटे वाढतात. एकच गोष्ट मात्र सक्तीने काढावी, ती घाणेरी. तिच्या रंगीत फुलांवर फुलपाखरे येतात म्हणून कित्येक हौशी लोक तिला बागेत थारा देतात. पण ती पाखरांच्या पोटातून रानात पसरते आणि कारवीसकट सगळ्या खालच्या झुडपांची जागा बळकावते.

कारवी लावण्याची रीत सोपी, पण तिची वेळ चुकवून चालत नाही. संरक्षित वनातून रोपे उपटून आणणे हा १९२७ च्या वन कायद्यान्वये अपराध आहे, आणि महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर १७ जानेवारी २००१ पासून परिस्थितिकीदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला असल्यामुळे उतार खोदण्या-तोडण्यावरही निर्बंध आहेत. म्हणून बी मिळवावे ते आपल्या किंवा शेजाऱ्याच्या खाजगी जमिनीतल्या फुलून गेलेल्या झुडपांचे. फुलोरा आश्विनात संपला तरी बोंडे तेव्हा तयार नसतात. ती हिवाळा-उन्हाळाभर काठीवर वाळत राहतात आणि पहिल्या पावसाचा ओलावा लागताच तडतड आवाज करीत फुटून बी दूरवर उडवितात. तेव्हा वैशाखाच्या अखेरीस काही कणसांना जुन्या धोतराच्या तुकड्याची सैल पिशवी बांधावी, फुटलेले बी त्यात जमेल ते घ्यावे आणि त्याच पावसाळ्यात उतरणीच्या, पाणी न साचणाऱ्या जमिनीवर माती किंचित खरवडून विखरून द्यावे. खत नको, पाणी नको. पहिली दोन वर्षे गुरे आणि गवत कापणाऱ्याचे यंत्र यांपासून राखले म्हणजे झाले. दोन निराळ्या उतारांवरचे, निराळ्या साली फुलणारे बी मिळाले तर अधिक उत्तम, कारण मग आपल्या पट्ट्यात आठ वर्षांत दोनदा फुलोरा येईल आणि माशीची उपासमार एकदा अधिक टळेल.

आणि ज्यांच्या हद्दीत कारवी आधीपासूनच आहे त्यांना तर काहीच लावावयाचे नाही. त्यांनी एवढेच करावे: फुलोरा झाल्यावर ती वाळून काटकुळी, कुरूप दिसू लागेल, पाहुणे येण्याच्या दिवाळीच्या वा मे महिन्याच्या हंगामात माळी ती तोडण्याची परवानगी मागेल, ती त्याला देऊ नये. पुढल्या पिढीचे सगळे बी त्या वेळी त्या मेलेल्या काठ्यांवरच असते. मृगाचा पहिला पाऊस पडून बोंडे फुटली, की मग खुशाल तोडावी.